बिनतिकिटाचे लंडन

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत लंडन शहरावर लेख कशाला, असे काही उपासक-उपासिका विचारतील. कारण सरळ आहे. पूर्वी आमच्या वस्त्यांमधून लंडनला गेलेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागे. आता राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन आमची मुले-मुली तिकडे शिकायला जातात, नोकरीनिमित्त जातात, आणि मागाहून कुणाकुणाचे आईवडीलही महिना-दोन महिने जाऊन येतात. निघण्याअगोदर वंदनेला आले की आयाबाया पहिला प्रश्न विचारतात, "तिकडं सगळंच महाग म्हणं, मग बघायचं तरी काय आणि कसं?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आले की हे उत्तर म्हणजे एक मोठा इतिहास आहे, आणि त्यात आमचाही वाटा आहे. तो आम्ही येथे मांडीत आहोत.

महाग आहे हे खरेच. राजाराण्यांचा तो प्रसिद्ध टॉवर, वेस्टमिन्स्टर ॲबे, सेंट पॉल या सगळ्या ठिकाणी तिकीट लागते आणि आपल्या रुपयात हिशेब केला तर छाती दडपते. (ॲबेमध्ये प्रार्थनेला जाणाऱ्याकडून मात्र पैसे घेत नाहीत. बघायचे असेल तर पैसे, प्रार्थनेला फुकट. हा हिशेब आपल्याकडच्या काही देवस्थानांनी पाहण्यासारखा आहे.) पण गंमत अशी, की लंडनमध्ये जे पाहायलाच हवे त्यातले बहुतेक बिनतिकिटाचे आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, ब्रिटिश लायब्ररीचे ग्रंथदालन, मोठमोठी उद्याने, पार्लमेंटातल्या चर्चा ऐकण्याची गॅलरी, यांपैकी कोठेही दारात पैसे मागत नाहीत. दानपेटी असते, आपल्या विहारात असते तशीच. टाकले तर ठीक, नाही टाकले तरी कुणी हटकत नाही.

आता 'फुकट ते पौष्टिक' अशी म्हण आपल्यात आहे आणि तिच्यात थोडी कुचेष्टाही आहे. फुकट मिळाले म्हणजे कुणाच्या तरी मेहेरबानीने मिळाले, असा आपला समज असतो. लंडनच्या बाबतीत तो समज चुकीचा आहे. ती दारे कुणी एका राजाने दयाबुद्धीने उघडलेली नाहीत. ती थोडीथोडी करून, भांडून, कायदे करून उघडली गेली, आणि मधूनमधून बंद करण्याचेही प्रयत्न झाले.

ब्रिटिश म्युझियमचेच बघा. हान्स स्लोन नावाचा एक नामांकित डॉक्टर १७५३ साली वारला. त्याने आयुष्यभर पुस्तके, नाणी, वनस्पती, दगड, हाडे असा सुमारे ७१,००० वस्तूंचा संग्रह केला होता. वीस हजार पौंड माझ्या मुलींना द्या आणि हा संग्रह राष्ट्राने घ्या, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा केला आणि पैसा उभा केला तो चक्क लॉटरी काढून! १५ जानेवारी १७५९ रोजी म्युझियम लोकांसाठी उघडले. प्रवेशाला पैसे नाहीत, हे पहिल्या दिवसापासूनचे धोरण. येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. स्लोनच्या संपत्तीचा एक भाग त्याच्या पत्नीकडून आलेल्या जमैकामधल्या उसाच्या मळ्यांचा होता, आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. म्हणजे ज्या दारात पैसे घेत नव्हते, त्या दारामागच्या वस्तूंची किंमत दुसऱ्याच कुणी तरी मोजलेली होती. म्युझियमने २०२० साली स्लोनचा अर्धपुतळा मानाच्या जागेवरून काढून काचेच्या कपाटात ठेवला आणि ही हकीकत शेजारी लिहिली. आम्हाला ते योग्य वाटते. पुतळा फोडला नाही आणि खोटेही झाकले नाही.

आणि पैसे नाहीत म्हणजे दार सताड उघडे होते असे समजू नका. सुरुवातीला अगोदर अर्ज करायचा, नाव-गाव-धंदा कळवायचा, मग चिठ्ठी मिळायची, आणि थोड्या थोड्या लोकांची तुकडी करून आतला माणूस घाईघाईने फिरवून आणायचा. मजूर माणसाला असला अर्ज करायला सवड कोठून? पुढे १८१० च्या सुमारास चिठ्ठीची अट गेली, पण माणूस दिसायला 'नीटनेटका' पाहिजे ही अट राहिली. नीटनेटका कोण, हे दारावरचा शिपाई ठरवणार! असल्या अटी काय चीज असते हे आमच्या आजोबा-पणजोबांना सांगायला नको. १८४८ साली मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांचा मोठा मेळावा लंडनला भरला, तेव्हा म्युझियमच्या नोकरांना खास पोलीस म्हणून शपथ देऊन इमारतीच्या संरक्षणाला उभे केले होते. ज्यांच्या कराच्या पैशावर संस्था चालते त्यांचीच भीती! मेळावा शांततेत झाला, कोणीही म्युझियमच्या काचेला हात लावला नाही.

सर्वांत लांबलेला वाद रविवारचा. कामगाराला सुट्टी रविवारी, आणि नेमके रविवारी म्युझियम बंद. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी चित्रे-पुतळे बघणे पाप, असे म्हणणाऱ्या धार्मिक मंडळींच्या संघटना होत्या आणि त्यांचे पार्लमेंटात वजन होते. दुसऱ्या बाजूने रविवारी म्युझियमे उघडा म्हणणाऱ्यांनी चाळीसएक वर्षे अर्जविनंत्या आणि सभा केल्या. अखेर १८९६ साली पार्लमेंटने ठराव केला आणि रविवारी दुपारी दारे उघडली. आपल्या वाचकांना येथे एक आठवण होईल. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मिळाली. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. कष्टकऱ्याच्या हातात एक दिवस यावा, आणि आल्यावर त्या दिवशी त्याला कुठे तरी माणसासारखे जाता यावे.

नॅशनल गॅलरीची जागासुद्धा अशीच वादातून टिकली. १८२४ साली अँगरस्टाईन नावाच्या सावकाराची ३८ चित्रे सरकारने ५७,००० पौंडांना विकत घेतली, ही तिची सुरुवात. १८३८ साली ट्रॅफल्गार चौकात इमारत झाली. पुढे शहराच्या धुराने चित्रे काळी पडतात, म्हणून ती दूर स्वच्छ हवेत न्यावीत अशी सूचना आली. चौकशी होऊन निर्णय असा झाला की गॅलरी तिथेच राहू द्या, कारण पूर्वेकडचा गरीब माणूस पायी चालत येऊ शकतो अशी ती जागा आहे. चित्राच्या रंगापेक्षा गरिबाचे पाय महत्त्वाचे मानले गेले, असा निर्णय दीडशे वर्षांपूर्वी व्हावा याचे आम्हाला आजही नवल वाटते.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येऊ. म्युझियमच्या आत एक गोल वाचनालय होते. २ मे १८५७ रोजी ते सुरू झाले. वर १४० फूट व्यासाचा घुमट, खाली चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या टेबलांच्या रांगा. ही कल्पना अँटोनिओ पानित्सी याची. हा जन्माने इटालियन. मोडेना संस्थानाच्या जुलमी राजवटीविरुद्ध गुप्त मंडळीत होता म्हणून त्याला गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली आणि तो जीव वाचवून इंग्लंडला पळून आला. (फाशीच्या खर्चाचे बिलही मोडेना सरकारने त्याला पाठवले होते, असे त्याच्या चरित्रात सांगतात!) परक्या देशात आलेला हा निर्वासित पुढे म्युझियमचा मुख्य ग्रंथपाल झाला. १८३६ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने सांगितले, की देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला ज्ञान मिळवण्याची जी साधने आहेत तीच गरीब विद्यार्थ्याला मिळाली पाहिजेत, आणि ती देणे सरकारचे काम आहे. ही साक्ष आम्हाला कुठल्याही राजाच्या जाहीरनाम्यापेक्षा मोठी वाटते. वाचनालयात बसायला फी नव्हती. ओळखीच्या सद्गृहस्थाची शिफारस आणि वयाची २१ वर्षे पूर्ण, एवढीच अट. कार्ल मार्क्सने १८५० पासून म्युझियममध्ये बसून वाचले. लेनिनने १९०२ साली खोट्या नावाने तिकीट काढून वाचले.

आणि तिथेच परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर वाचीत बसले.

बाबासाहेब पहिल्यांदा लंडनला गेले १९१६ साली, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्याला नोकरीत आणि राहण्याच्या जागेपायी त्यांचे काय हाल झाले ते प्रत्येक घरात माहीत आहे. मग मुंबईच्या सिडनॅहम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा पैसा जमवला, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा निघाले. म्हणजे जगातल्या महाग शहरांपैकी एका शहरात हा माणूस उसन्या पैशावर राहत होता. सकाळी घरमालकीणबाईने दिलेला पावाचा तुकडा आणि चहा, रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे, असे वर्णन धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे यांच्या चरित्रांतून आपण सगळ्यांनी वाचले आहे. पण एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या माणसाकडे दुपारच्या जेवणाला पैसे नव्हते, तो दिवसभर बसत होता कोठे? तर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. दार उघडताच आत आणि दार बंद होईपर्यंत आत. तिथे ऊब होती, दिवा होता, टेबल होते, आणि मागाल तो ग्रंथ जागेवर आणून देणारी माणसे होती. या सगळ्याला दिडकी पडत नव्हती. तसेच इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी. एस्सी. या पदव्यांच्या मागे बाबासाहेबांचे अलौकिक कष्ट आहेत हे खरेच. पण त्या कष्टांना बसायला एक बिनफीची खुर्ची मिळाली, हेही इतिहासाने नोंदवले पाहिजे.

ते परत आले १९२३ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या आणि चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. कागदावरच! प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले, डोकी फुटली, आणि पुढे दहा वर्षे कोर्टकचेरी होऊन १९३७ साली हायकोर्टाचा निकाल लागला. तळ्याच्या पाण्यालाही तिकीट नव्हते. गुरेढोरे फुकट पीत होती. तरी आम्हाला बंदी होती. तेव्हा 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आमच्याइतके कुणाला कळणार? लंडनमध्ये दाराला पैसा नव्हता, पण दोनशे वर्षांत अर्ज, चिठ्ठी, कपडे, रविवार अशा एकेक अडसरी काढाव्या लागल्या. आमच्याकडे अडसर एकच होता आणि तो जन्माचा होता.

वाचनालयाचे ते काम १९९७ साली बंद झाले. ग्रंथ सेंट पँक्रास स्टेशनशेजारच्या ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत गेले. म्युझियमच्या मधल्या चौकावर २००० साली काचेचे छत घातले. त्या चौकात उभे राहिले की गोल वाचनालय समोरच दिसते. तिथे दोन मिनिटे थांबावे.

मोफत प्रवेशावर नंतरही गदा आलीच. १९७४ च्या जानेवारीत तिथल्या सरकारने राष्ट्रीय म्युझियमांना तिकीट लावले. निवडणूक झाली, सरकार बदलले, मार्चमध्ये तिकीट गेले. पुढे काही म्युझियमांनी आपापले तिकीट सुरू केले. ब्रिटिश म्युझियमने मात्र ते केले नाही. १ डिसेंबर २००१ पासून इंग्लंडमधल्या सगळ्या राष्ट्रीय म्युझियमांत पुन्हा बिनतिकिटाचा प्रवेश सुरू झाला. परदेशी पाहुण्यांकडून तरी पैसे घ्यावेत अशी सूचना अधूनमधून तिथे होत असते. खास प्रदर्शनांना तिकीट असते, त्याला कुणी फसू नये. कायमची दालने पाहायला ते लागत नाही.

मग काय पाहायचे? आम्ही म्हणू, सगळ्यात अगोदर अमरावती. म्युझियमच्या ३३ नंबरच्या दालनाला लागून ३३अ म्हणून एक वेगळे दालन आहे (उघडे आहे का ते आधी विचारून घ्यावे). त्यात आंध्र प्रदेशात कृष्णाकाठी असलेल्या अमरावतीच्या महाचैत्याच्या फिकट रंगाच्या दगडी शिळा आहेत. सुमारे १२० शिल्पे. हा स्तूप मौर्यांच्या नंतरच्या काळापासून सातवाहनांच्या काळापर्यंत वाढत गेला. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे आणि नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांना दान देणारे, तेव्हा नाते जवळचे आहे. त्यात एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. जुन्या बाजूला बोधिवृक्ष आणि खाली रिकामे आसन आहे, भोवती लोक हात जोडून आहेत. तथागतांची मूर्ती नाही, कारण त्या काळी मूर्ती न करता आसन, पाऊलखुणा, धम्मचक्र अशा चिन्हांनीच त्यांना दाखवीत. तीनशे-साडेतीनशे वर्षांनी तीच शिळा उलटी करून मागच्या बाजूला सबंध स्तूप कोरला. बौद्ध कला कशी बदलत गेली हे ग्रंथात वाचण्यापेक्षा त्या एका दगडाच्या दोन बाजू बघून लवकर समजते.

हा स्तूप कुणी बांधला? राजे होते, व्यापारी होते, भिक्खू आणि भिक्खुणी होत्या. आणि अमरावतीच्या एका शिलालेखात विधिक नावाच्या चम्मकाराचे, म्हणजे चर्मकाराचे, दान कोरलेले आहे. नाग नावाच्या आचार्याचा हा मुलगा. आई, बायको, भाऊ, मुलेबाळे यांच्यासह त्याने पूर्णघटाची शिळा दिली. चामड्याचे काम करणारा माणूस, त्याचे वडील आचार्य, आणि त्याचे नाव स्तूपाच्या दगडावर राजांच्या पंक्तीला! हे वाचून आमच्या अंगावर काटा आला. धम्माच्या दारात तेव्हा काय व्यवहार होता, याचा हा दगडी पुरावा.

मग हे दगड लंडनला गेले कसे? १७९७ च्या सुमारास वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू या जमीनदाराने नवे गाव वसवायला दगड हवेत म्हणून ती टेकडी खणली. कर्नल कॉलिन मॅकेंझीने येऊन पाहिले आणि १८१६ नंतर चित्रे काढून घेतली, तोवर बरेचसे गेले होते. काही शिळा तर चुन्याच्या भट्टीत जळाल्या. १८४५ साली वॉल्टर एलियटने पुन्हा खणून शिळा मद्रासला नेल्या, तिथे त्या उघड्यावर पडल्या. १८५९ मध्ये जहाजाने लंडनला गेल्या, तिथेही काही धूळ खात, काही हवापाण्यात राहिल्या. १८६६-६७ च्या सुमारास जेम्स फर्ग्युसनला त्या एका तबेल्यात सापडल्या आणि त्याने जगापुढे आणल्या. (लेण्यांवर ग्रंथ लिहिणारा हा फर्ग्युसन. पुण्याच्या कॉलेजाला नाव आहे तो गव्हर्नर, तो वेगळा.) १८८० साली त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्या.

आता याला काय म्हणायचे? म्युझियमवाले म्हणतात, आमच्याकडे सगळे जग येऊन फुकट बघते. गुंटूरच्या शेतमजुराने व्हिसाचे आणि विमानाचे पैसे भरून ते फुकटचे दालन बघायला जायचे, असा त्याचा अर्थ होतो. १९६३ च्या कायद्याने विश्वस्तांना वस्तू सहसा परत देता येत नाहीत, असे उत्तर मिळते. दुसऱ्या बाजूने, चुन्याच्या भट्टीत शिळा घालणारे हात आपल्याच मातीतले होते आणि तेव्हा त्या काय आहेत हे सांगणारा एकही विहार त्या गावात उरला नव्हता, हेही आम्ही विसरू शकत नाही. आमचे मत असे, की हा वारसा परत मागण्याचा हक्क भारताला आहे. मात्र उरलेल्या शिळा चेन्नईच्या सरकारी म्युझियममध्ये आहेत, त्या आपल्यातल्या किती जणांनी पाहिल्या आहेत? मागणी करणाऱ्याने आधी चेन्नईला जाऊन यावे.

परत मिळूच शकत नाही असेही नाही. सांचीच्या परिसरात १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी यांना सारिपुत्त आणि महामोग्गलान या तथागतांच्या दोन अग्रश्रावकांच्या अस्थी सापडल्या. त्या लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ठेवल्या होत्या, म्हणजे ज्यांना जगभरचे बौद्ध वंदन करतात त्या अस्थी काचेआड वस्तू म्हणून मांडलेल्या. महाबोधी सोसायटीने त्या मागितल्या. १९४७ साली त्या लंडनहून निघाल्या, श्रीलंकेत दर्शनासाठी राहिल्या, १९४९ साली कलकत्त्याला पोचल्या आणि १९५२ च्या नोव्हेंबरात सांचीच्या नव्या विहारात स्थापन झाल्या.

याच म्युझियमचा आपल्या अजिंठ्याशी मोठा संबंध आहे. जॉन ग्रिफिथ्स हे मुंबईच्या कलाशाळेतले शिक्षक. १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या सुमारे ३०० नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलाही लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या होत्या. भिंतीवरचे रंग दीड हजार वर्षे टिकले आणि कापडावरचे वीस वर्षांत गेले! उरलेल्या नकला म्युझियमच्या संग्रहात आहेत.

बाकीची ठिकाणे थोडक्यात सांगतो. प्रिमरोज हिलच्या जवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. घर विकायला निघाले तेव्हा ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी २०१४ साली महाराष्ट्र शासनाला कळवले, शासनाने ते विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. पुढे तिथल्या कौन्सिलने, राहत्या घराचे संग्रहालय करता येणार नाही, म्हणून परवानगी नाकारली. सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. ज्या घरात त्यांनी उपाशीपोटी अभ्यास केला तिथे आता तिकिटाशिवाय जाता येते. वेळ आधी विचारून घ्यावी. तिथून म्युझियम दोन-अडीच मैल. शेजारची टेकडी १८४२ पासून लोकांसाठी खुली आहे, वर चढले की सगळे लंडन दिसते.

ग्रेज इनची बाग कामाच्या दिवशी दुपारच्या वेळात लोकांसाठी उघडतात. सेंट जेम्स राजवाड्यात गोलमेज परिषद भरली होती. तो बाहेरूनच पाहायचा. १९३० साली त्या परिषदेला अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन असे दोघे होते. पार्लमेंटच्या गॅलरीत रांग लावून बसता येते. हाइड पार्कच्या कोपऱ्यात रविवारी कुणीही उभे राहून भाषण करतो. तो हक्कही असाच मिळालेला आहे. १८६६ साली मताधिकाराच्या मोर्चाला बागेची फाटके बंद केली, लोकांच्या रेट्याने कठडे कोसळले, आणि १८७२ साली कायद्याने सभांना जागा दिली.

थेम्सकाठी बॅटरसी पार्कमध्ये १९८५ साली बांधलेला शांती स्तूप आहे. तो जपानच्या निप्पोनझान म्योहोजी संघाने बांधला. आपल्या वरळीचे जपानी बुद्ध मंदिर याच संघाचे. चार बाजूंना तथागतांच्या सोनेरी मूर्ती आहेत, जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत. आणि अनागारिक धर्मपालांनी १९२६ साली स्थापन केलेला लंडन बुद्धिस्ट विहार आता चिझिक भागात आहे. आपल्या मुलांनी पहिल्या आठवड्यातच तिथे जाऊन वंदन करावे.

शेवटी ब्रिटिश लायब्ररी. तिच्या खजिन्यात इ. स. ८६८ चे छापील वज्रच्छेदिका सूत्र आहे. तारीख नोंदलेला हा जगातला सर्वांत जुना छापील ग्रंथ, आणि तो बौद्ध ग्रंथ आहे. इंडिया ऑफिसचे सगळे दप्तर आता तिथेच आहे, मुंबई इलाख्याच्या कागदांसकट. जुनी मराठी पुस्तकेही पुष्कळ आहेत. त्यांची यादी ब्लुमहार्ट याने १८९२ सालीच छापली होती. वाचकाचा पास काढायला पैसे पडत नाहीत. पत्त्याचा एक पुरावा आणि सहीचा एक पुरावा सोबत न्यावा. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते.